एका टक्क्याचे त्रेपन्न हजार

दुचाकीच्या विम्याचा कागद आपण आरसीसोबत प्लास्टिकच्या पाकिटात कोंबतो आणि पोलिसाने अडवलं तरच बाहेर काढतो. आज जरा उघडून बघा. त्यात ‘थर्ड पार्टी’ अशी एक ओळ असते. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीसाठी २०२२ साली ठरलेला वर्षाचा दर ७१४ रुपये. १००० ते १५०० सीसीच्या मोटारीसाठी ३,४१६. आता सांगा, या ७१४ रुपयांवर विमा कंपनीने केवढी जोखीम अंगावर घेतली असेल?

तुमच्या गाडीने कुणाची भिंत पाडली, कुणाचं वाहन चेपलं, तर कंपनीच्या देण्याला मर्यादा आहे. पण तुमच्या धडकेने कुणाचा पाय गेला, कुणी जन्माचं अंथरुणाला खिळलं, तर मर्यादाच नाही. भरपाई दहा हजार ठरो की एक कोटी, भरायची कंपनीने. देशातल्या करोडो गाडीवाल्यांनी आपल्या नकळत एकमेकांच्या हाडांची हमी घेऊन ठेवलेली आहे, आणि तीही वर्षाला काही शे ते काही हजार रुपयांत!

याचाच दुसरा अर्थ असा की उद्या कुणी तुम्हाला उडवलं, तर तुमचा खरा सामना त्या बेदरकार ड्रायव्हरशी नसतो. कागदावर तो असतो, गाडीमालकही असतो. पण पैसे द्यायचे असतात विमा कंपनीला आणि तिच्या बाजूने उभा राहतो तिच्या पॅनेलवरचा वकील. त्याचं रोजचं कामच हे. तुम्ही मात्र पायात रॉड, हातात कुबडी आणि डोक्यावर उसनवारी घेऊन कोर्टाची पायरी पहिल्यांदाच चढत असता. म्हणून वॉर्डातच कुजबुज सुरू होते. एक मेव्हणा म्हणतो, ‘वकिलाशिवाय दमडी मिळायची नाही.’ दुसरा म्हणतो, ‘वकीलच सगळं खाऊन जाईल.’ २०२२ या एकाच वर्षात देशात ४,६१,३१२ अपघातांची नोंद झाली आणि ४,४३,३६६ माणसं जखमी झाली. म्हणजे ही कुजबुज रोज हजारभर खाटांच्या भोवती चालू असते.

खरं कोण? दोघंही थोडे थोडे. पण ते नीट कळायला आधी भरपाईचं यंत्र आतून बघायला हवं. आणि ते इतकं अजब आहे की एरवी कायद्याच्या नावाने जांभई देणाऱ्याचेही डोळे उघडावेत.

पहिला चमत्कार पोलीस ठाण्यातच घडतो. दावा लावायचा म्हणजे अर्ज हवा, अर्ज म्हणजे वकील हवा, असं आपण धरून चालतो. पण १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जखमीने कोर्टात न जाता, स्वतः अर्ज न लिहिता त्याचा दावा उभा राहू शकतो! तपासी अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे पाठवायचा. दहा दिवसांत जखमीला त्याचे हक्क सांगणारा छापील तक्ता द्यायचा. ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल: पंचनामा, नकाशा, लायसन्स, विमा, दवाखान्याची कागदपत्रं, सगळं. आणि मोटार वाहन कायदा न्यायाधिकरणाला सांगतो की पोलिसांकडून आलेला हा अहवाल हाच भरपाईचा अर्ज समजा. दिवाणी न्यायाच्या साऱ्या परंपरेत ‘मागेल त्याला मिळेल’ हा नियम. इथे सरकारी यंत्रणाच तुमच्या वतीने मागते.

पुढे आणखी गंमत. अपघाताची खबर मिळाली की विमा कंपनीने एक अधिकारी नेमायचा, आणि त्याने ठरलेल्या ३० दिवसांत न्यायाधिकरणापुढे तडजोडीचा आकडा ठेवायचा. तुम्ही ‘हो’ म्हणालात तर न्यायाधिकरण ती नोंद करतं आणि नोंद हाती आल्यापासून ३० दिवसांत कंपनीने पैसे द्यायचे. ‘नाही’ म्हणालात तर सुनावणीची तारीख पडते.

हे सगळं कागदावर. प्रत्यक्षात कुठल्या ठाण्यातला अहवाल भरगच्च असतो, कुठला चार ओळींचा, हे तिथल्या अंमलदारावर आणि त्याच्या टेबलावरच्या ढिगाऱ्यावर ठरतं. तरी हक्क तो हक्क. आपल्या अपघाताचा सविस्तर अहवाल गेला का, हे ठाण्यात जाऊन विचारायला वकील लागत नाही.

मग वकील लागतो कुठे? कंपनीच्या अधिकाऱ्याने समोर ठेवलेला आकडा बरोबर आहे की हास्यास्पद, हे ओळखायला. समजा कंपनी म्हणाली सात लाख. गावाकडच्या माणसाला सात लाख म्हणजे डोंगर वाटतो. तो डोंगर की टेकाड, हे कशावरून ठरवायचं? इथून खरी मौज सुरू होते, कारण कायद्याला आता एक अशक्य गणित सोडवायचं असतं: जे आयुष्य अजून जगून झालेलं नाही, त्याची आजची किंमत.

समजा ३२ वर्षांचा एक टेम्पोचालक आहे. स्वतःचा टेम्पो, महिन्याला २०,००० रुपये सुटतात. म्हणजे वर्षाचे २,४०,०००. पण तो जन्मभर वीस हजारांवर थोडाच राहणार होता? सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘प्रणय सेठी’ प्रकरणात ठरवून टाकलं की चाळिशीच्या आतल्या, स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसाच्या उत्पन्नात पुढच्या वाढीसाठी ४० टक्के मिळवायचे. कायम नोकरी असेल तर ५० टक्के. तो निकाल मृत्यूच्या प्रकरणातला होता. पुढे २०२० मध्ये न्यायालयाने सांगितलं की जखमींनाही ही वाढ धरायची. झाले ३,३६,०००.

याला आता किती वर्षांनी गुणायचं? साठीपर्यंत तो आणखी २८ वर्षं राबला असता. पण न्यायाधिकरण २८ ने गुणत नाही, १६ ने गुणतं. २००९ च्या ‘सरला वर्मा’ निकालात वयानुसार गुणकांचा तक्ताच आहे: १५ ते २५ वयाला १८, मग १७, ३१ ते ३५ ला १६, आणि असं उतरत उतरत पासष्टीनंतर ५. वकील मंडळींना हा तक्ता पाढ्यासारखा पाठ असतो. या पद्धतीचं मूळ मात्र फार दूर आहे. १९४२ साली ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने एका कोळसा कंपनीविरुद्धच्या दाव्यात तिची मांडणी केली, आणि १९९४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती ठामपणे स्वीकारली. खाणकामगारांच्या कुटुंबांसाठी जुळवलेलं गणित आज शेवगावच्या टेम्पोवाल्याला लागू होतं!

पण २८ ऐवजी १६ च का? ही काटछाट आहे की फसवणूक? थांबा, करून बघा. १६ वर्षांचं उत्पन्न एकरकमी हातात आलं आणि ते सव्वासहा टक्के व्याजाने ठेवलं, तर मुद्दलाला हात न लावता दरवर्षी बरोबर एका वर्षाचं उत्पन्न व्याजातच सुटतं. १०० भागिले १६ म्हणजे ६.२५. कणगीतलं धान्य रोज काढावं आणि कणगीत रोज थोडं आपसूक वाढावं, तसं. शिवाय माणूस आजारी पडला असता, धंदा बसला असता, अशा अनिश्चिततेचाही हिशेब त्या छोट्या आकड्यात धरलेला आहे.

तर ३,३६,००० गुणिले १६. उत्तर ५३,७६,०००. ही त्या टेम्पोचालकाची कमाईची सगळी ताकद, आजच्या रुपयांत. आता प्रश्न एकच उरतो. अपघाताने त्यातली किती हिरावली?

इथे येतो टक्का. या सगळ्या यंत्राचा प्राण त्यात आहे, म्हणून जरा निवांत बघू.

हाडाचे डॉक्टर गुडघा किती वाकतो ते मोजतात, पाय किती आखूड झाला ते बघतात आणि प्रमाणपत्रावर लिहितात: ‘डाव्या पायाचं कायमचं अपंगत्व ४५ टक्के.’ आपल्याला वाटतं, संपलं, ४५ टक्के. पण हा टक्का पायाचा आहे, माणसाचा नाही. सबंध शरीराच्या हिशेबात तो कमी भरतो. आणि शरीराचा टक्का म्हणजे कमाईचा टक्का नव्हे! २०१० साली ‘राजकुमार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे तीन टक्के चिमट्याने वेगळे करून दाखवले. त्या प्रकरणातला जखमी चीज विकणारा तरुण होता. प्रमाणपत्रात पायाचं अपंगत्व ४५ टक्के, पण न्यायालयाने कमाईची हानी धरली २० टक्के.

पण हे शास्त्र फक्त कापत जातं असं समजू नका. त्याच निकालात उलटं उदाहरणही आहे. डावा हात गेला. माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडाली. तोच माणूस सरकारी कचेरीत कारकून असेल आणि नोकरी त्याच पगारावर टिकली असेल, तर कमाईची हानी शून्यही असू शकते. त्याला मग भरपाई मिळते ती वेगळ्या खात्यांत: वेदना, आणि आयुष्यातल्या ज्या सुखांना तो मुकला त्यांची. हात तोच, सुरी तीच, प्रमाणपत्रावरचा आकडाही तोच. पण ढोलकीवाल्याच्या आणि हिशेबनिसाच्या हाताचा निवाडा वेगळा. कायद्याला आंधळा म्हणणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा. तो माणसाच्या हाताकडे बघण्याआधी तो हात काय करत होता हे विचारतो.

आता आपल्या टेम्पोचालकाकडे या. डाव्या पायाचा घोटा जखडला आहे. क्लच दाबता येत नाही. कंपनीचा वकील म्हणणार: सगळ्या शरीराच्या मानाने २० टक्के. तसं धरलं तर १०,७५,२००. तुमच्या बाजूने कुणी सिद्ध केलं की याला गाडी हाकणं कायमचं अशक्य आहे, सातवीपर्यंतच्या शिक्षणावर दुसरं फार काही करता येण्यासारखं नाही, म्हणून हानी ७० टक्के, तर ३७,६३,२००. जखम तीच आणि डॉक्टरही तेच, तरी फरक जवळपास २७ लाखांचा. या माणसाच्या बाबतीत एकेक टक्का ५३,७६० रुपयांचा आहे.

आणि तो टक्का कोण हलवतो? उपचार करणाऱ्या सर्जनला साक्षीला बोलावून, ‘डॉक्टर, हा माणूस क्लच दाबू शकेल का?’ हा एक साधा प्रश्न विचारणारा माणूस. प्रमाणपत्र नुसतं फाइलला लावून भागत नाही. ‘राजकुमार’ निकालातच इशारा आहे की उपचार न करता तयार प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांच्या बाबतीत न्यायाधिकरणाने सावध राहावं. डॉक्टर कोर्टात येऊन उलटतपासणीला उभे राहिले तरच त्या कागदाला वजन येतं. सर्जनला समन्स काढणं, त्यांची वेळ जुळवणं, नेमकं काय विचारायचं ते ठरवणं, हे कुबडीवरच्या माणसाचं काम नव्हे.

म्हणून माझं मत सरळ आहे. कायमचं काही अपंगत्व राहणार असेल तर वकील करा. उत्पन्नाचा कागद नसेल तर नक्कीच करा. आपल्याकडे भाजीवाला, गवंडी, घरकामाच्या बाई, रिक्षावाला यांच्याकडे पगारपत्रक कुठून असणार? पुरावा नसला की न्यायाधिकरण अंदाजाने उत्पन्न धरतं, आणि वर पाहिलंत तसं त्या आकड्याला पुढे सोळाने, अठराने गुणलं जातं. महिन्याला हजार रुपये कमी धरले गेले तर आपल्या बत्तीस वर्षांच्या टेम्पोचालकाच्या पूर्ण हिशेबात २,६८,८०० रुपये उडतात. बाजार समितीच्या पट्ट्या, टेम्पोच्या कर्जाचे हप्ते, बँकेचं पासबुक, गाळामालकाची साक्ष, यांतून उत्पन्न उभं करणं ही कला आहे.

आणि घर सांभाळणारी बाई? तिचं उत्पन्न शून्य? जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात राष्ट्रीय पाहणीचे आकडे मांडले: घरकामात बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. पैसा न मिळणाऱ्या या कामालाही किंमत आहे आणि ती हिशेबात धरायलाच हवी, असं न्यायालयाने बजावलं. तरी ‘गृहिणी, उत्पन्न नाही’ असं लिहिलेले अर्ज आजही जातात.

मूल जखमी असेल तर दुसरा विचारच नको. हरियाणातल्या १२ वर्षांच्या एका मुलीला २००७ मध्ये अपघात झाला. मेंदूला अशी इजा झाली की तिची समज नऊ महिन्यांच्या बाळाएवढी उरली. न्यायाधिकरणाने दिले ११ लाख ८ हजार ५०१ रुपये. उच्च न्यायालयाने ते २५ लाख ७८ हजार ५०१ केले. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६२ लाख २७ हजार दिले. एवढा फरक आला कुठून? एक मोठा वाटा एका साध्या प्रश्नातून आला: हिला आयुष्यभर बघणार कोण? महिना पाच-पाच हजारांच्या दोन मदतनीस बाया, बारा महिने, गुणक १८. झाले २१,६०,०००. नातेवाईक सेवा करतात म्हणून ती फुकट नसते, हे कुणीतरी न्यायासनासमोर मांडावं लागतं.

इथे एक विलक्षण गोष्ट सांगायलाच हवी. साध्या दिवाणी दाव्यात तुम्ही पाच लाख मागितले तर न्यायाधीश सहा देत नाही. मोटार अपघाताच्या दाव्यात मात्र न्यायाधिकरण मागितल्यापेक्षा जास्तही देऊ शकतं! डिसेंबर २००२ पासून हे स्पष्ट आहे, कारण कायद्यातला शब्द आहे ‘न्याय्य’ भरपाई, ‘मागितलेली’ नव्हे. पुरावाही फौजदारी खटल्यासारखा निःसंशय लागत नाही. जे जास्त संभवनीय दिसतं ते पुरतं. आणि दावा कुठे लावायचा? अपघात गुजरातच्या हायवेवर झाला असला तरी तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणात. इतकं उदार न्यायालय समोर असताना वकिलाची गरज काय, असं वाटेल. अडचण एवढीच की उदार माणूससुद्धा समोर न आलेला कागद वाचू शकत नाही.

एक मुद्दा आपल्या उच्च न्यायालयाचा, कारण तो घरोघरी लागू आहे. दवाखान्याचं बिल मेडिक्लेममधून मिळालं असेल तर विमा कंपनी म्हणते, ‘मग तुमचा खर्च झालाच कुठे? वजा करा.’ मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितलं: वजा करायचं नाही. मेडिक्लेमचे हप्ते तुम्ही भरलेत, त्या दूरदर्शीपणाचा फायदा धडक देणाऱ्याने का घ्यावा? तडजोडीच्या टेबलावर हा एक मुद्दा माहीत नसेल तर लाखाचं बिल गुपचूप गायब होऊ शकतं.

आता दुसऱ्या मेव्हण्याचं ऐकू. वकील नको, हे कुठे खरं?

खरचटलं, टाके पडले, आठवड्यात कामावर रुजू झालात, तर वकील शोधत फिरण्यात अर्थ नाही. बिलं जोडा, बुडालेल्या रोजाचा दाखला जोडा आणि पोलीस अहवालाच्या वाटेने किंवा लोकअदालतीत मिटवा. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर सरकारी योजनेत गंभीर जखमीला ५०,००० आणि मृताच्या कुटुंबाला २ लाख मिळतात. अर्ज प्रांताधिकारी किंवा तहसीलदारांच्या कचेरीत करायचा, कोर्टात नव्हे. उपचारांसाठी मे २०२५ पासून पहिल्या सात दिवसांना दीड लाखापर्यंतची कॅशलेस योजना आहे, तिलाही वकील लागत नाही.

आणि एक वाट अशी, जी ऐकून अनेकजण खुर्चीतून उठतात. कायद्याच्या कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला सरसकट अडीच लाख रुपये मिळतात आणि चूक कुणाची हे सिद्धच करावं लागत नाही. ‘गंभीर’ म्हणजे केवढं गंभीर? फौजदारी कायद्यातली व्याख्याच इथे लागू आहे, आणि त्या यादीत हाड मोडणं आहे. इतकंच काय, दात मोडणंसुद्धा आहे! म्हणजे प्लास्टर निघाल्यावर पूर्ववत झालेल्या हाताला, कुणाचाही दोष न दाखवता, ठरलेली रक्कम मागता येते. वर पाहिलेल्या लांबच्या हिशेबात अशा हाताला कदाचित याहून कमी मिळेल. टेम्पोचालकाला मात्र अडीच लाखांत गुंडाळणं म्हणजे त्याला लुटणं. कुठली वाट धरायची हे आधीच ठरवावं लागतं, आणि त्या एका निर्णयापुरता वकिलाचा तासभराचा सल्ला पैसे वसूल करतो.

राहिला पैशाचा प्रश्न. न्यू जर्सीत स्थायिक झालेला भाचा फोनवर सांगतो, ‘इकडे वकील आधी एक डॉलर घेत नाही, जिंकल्यावर साधारण तिसरा हिस्सा घेतो. तुम्ही तसाच बघा ना!’ त्याचं तिथलं खरं आहे. आपल्याकडे मात्र बार कौन्सिलच्या नियमांत वकिलाने निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणं याला बंदी आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. अपघातात नवरा गमावलेल्या एका बाईच्या भरपाईच्या दाव्यात वकिलाने टक्केवारीने फी लावली, आधी मोठी रक्कम घेतली, वर ३ लाखांचा चेक लिहून घेतला आणि तो वटला नाही म्हणून तिच्यावरच फौजदारी केली. न्यायालयाने ती फौजदारी रद्द केली आणि टक्केवारीची फी लोकधोरणाच्या विरुद्ध असल्याचं स्पष्ट सांगितलं.

तरी टक्केवारी चालते, हे कोर्टाच्या आवारातल्या चहावाल्यालाही ठाऊक आहे. खिशात पैसे नसलेल्या माणसाला ‘आधी काही देऊ नका’ हे वाक्य देवासारखं वाटतं, आणि बंदीने त्याची ती गरज मिटत नाही, हेही मला मान्य आहे. पण मग निदान इतकं करा: फी लेखी ठरवा, कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही करू नका, आणि पैसे थेट स्वतःच्या खात्यावर घ्या. वॉर्डात येऊन कार्ड देणाऱ्या एजंटाला तर दारातूनच परत पाठवा. वकिलाने स्वतः किंवा दलालामार्फत पक्षकार गोळा करणं यालाही बंदी आहे. जो ओळखीआधीच नियम मोडतो, तो तुमच्या फाइलचं काय करेल?

आणि फी परवडतच नसेल तर? इथे शेवटचं आश्चर्य, आणि ते १९८७ च्या कायद्यापासून आपल्या शेजारी बसून आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण सरकारी खर्चाने वकील देतं. महिला आणि मुलांना उत्पन्नाची अटच नाही. अनुसूचित जाती-जमातींना नाही, अपंग व्यक्तींना नाही, औद्योगिक कामगारांना नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा. म्हणजे ज्या माणसाचा पाय अपघातात गेला, तो त्या अपंगत्वामुळेच मोफत वकिलाला पात्र ठरू शकतो. बंगल्यात राहणारी बाईसुद्धा पात्र आहे! हे प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्याच आवारात असतं आणि लोकअदालतही तेच भरवतं. लोकअदालत उत्तम, पण एक लक्षात ठेवा: तिथल्या निवाड्यावर अपील नाही. सही करण्याआधी वरचं गणित एकदा कागदावर मांडून बघा: वर्षाचं उत्पन्न, वाढ, गुणक, टक्का. कंपनीचा आकडा त्याच्या जवळपास असेल तर खुशाल सही करा. निम्माही नसेल तर उठा.

मुदतीचं तेवढं सांभाळा. एप्रिल २०२२ नंतरच्या अपघातांसाठी दावा सहा महिन्यांत दाखल करायचा आहे. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. एफआयआरची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि औषधाच्या दुकानातलं प्रत्येक बिल एका पिशवीत ठेवा. आणि वकील करायचा की नाही हे ठरत नसेल, तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाला फोन लावा. सल्ला फुकट मिळतो.